सॅचमोचा ओठ आणि पितळेचा ट्रम्पेट

लुई आर्मस्ट्राँगचे नाव घेतले की डोळ्यांसमोर येते ते त्याचे भले मोठे हास्य, कपाळावरचा घाम टिपणारा पांढराशुभ्र रुमाल आणि रंगमंचावरच्या दिव्यांत झळकणारा ट्रम्पेट. या परिचित चित्रातली एक गोष्ट मात्र सहसा नजरेतून सुटते. त्याच्या वरच्या ओठावर मधोमध एक जाड, पांढुरका वण होता. पन्नासहून अधिक वर्षे धातूच्या एका लहानशा वाटीने दाबून दाबून उमटवलेला. जाझ या संगीतप्रकाराला एकल वादकाची कला बनवणाऱ्या या माणसाचे सारे यश त्या वणातून गेलेले आहे आणि त्याचे दुःखही.

ट्रम्पेटचे शास्त्र तसे साधे आहे. सनईत पत्ती थरथरते आणि स्वर निर्माण होतो. ट्रम्पेटला पत्ती नसते, वादकाचे ओठ हीच त्याची पत्ती. ओठ घट्ट मिटून, माउथपीसच्या कडेला टेकवून त्यांतून हवा सोडली की ते थरथरतात आणि सुमारे दीड मीटर लांबीच्या, वळवलेल्या नळीतील हवेचा स्तंभ गाऊ लागतो. तीन व्हॉल्व्ह या नळीची लांबी कमी-जास्त करतात. बाकीचे काम ओठांचे आणि श्वासाचे. माउथपीसची वाटी खोल असेल तर स्वर गोल आणि मऊ येतो, उथळ असेल तर तो टोकदार होतो आणि वरच्या पट्टीत चढणे सोपे जाते. कड अरुंद की रुंद यावर ओठाला किती टोचणार हे ठरते. तार स्वरांसाठी ओठ अधिक ताणावे लागतात. थकलेला वादक अशा वेळी ट्रम्पेट ओठावर अधिक जोराने दाबतो. दाबाने रक्तपुरवठा अडतो, ओठ सुजतो, कधी फाटतो. गवयाचा गळा बसावा तसा ट्रम्पेटवादकाचा ओठ बसतो, फरक एवढाच की गळा बहुधा पुन्हा उघडतो.

न्यू ऑर्लिन्सच्या गल्लीतून

लुईचा जन्म न्यू ऑर्लिन्सचा, ४ ऑगस्ट १९०१चा. तो स्वतः आयुष्यभर ४ जुलै १९०० ही तारीख सांगत राहिला. खरी तारीख त्याच्या मृत्यूनंतर बाप्तिस्म्याच्या नोंदीतून उजेडात आली. वडील त्याच्या जन्मानंतर लवकरच घर सोडून गेले. आई मेअॅन मिळेल ते काम करून लुई आणि त्याची धाकटी बहीण यांना वाढवत होती. पहिली काही वर्षे तो आजीपाशी राहिला. ज्या वस्तीत हे कुटुंब राहत होते तिला तेथील मारामाऱ्यांमुळे लोक रणांगण म्हणूनच ओळखत.

शाळकरी वयातच लुई कार्नॉफ्स्की या लिथुआनियातून आलेल्या ज्यू कुटुंबाच्या गाडीवर कामाला लागला. भंगार गोळा करायचे, कोळसा विकायचा, आणि गिऱ्हाइकांचे लक्ष वेधण्यासाठी पत्र्याचे शिंग फुंकायचे, असे ते काम. त्या खेळण्यातल्या शिंगावर तो सूर काढू लागला. गहाणवटीच्या दुकानात ठेवलेल्या पाच डॉलर किमतीच्या कळकट कॉर्नेटवर त्याची नजर खिळली, तेव्हा याच कुटुंबाने त्याला पैसे उसने दिले. कृष्णवर्णीय पोराला कोणी उंबरठ्यावरही उभे करत नसे अशा काळात या घराने त्याला आपल्या जेवणाच्या मेजावर बसवले होते. ही आठवण त्याने अखेरच्या आजारपणात रुग्णालयात बसून लिहून काढली. गळ्यात ज्यूंचा षटकोनी तारा तो आयुष्यभर वागवत असे.

३१ डिसेंबर १९१२च्या रात्री नववर्षाच्या जल्लोषात अकरा वर्षांच्या लुईने सावत्र वडिलांचे पिस्तूल हवेत झाडले. पोलिसांनी त्याला पकडले आणि कृष्णवर्णीय मुलांच्या सुधारगृहात त्याची रवानगी झाली. तेथील संगीतशिक्षक पीटर डेव्हिस यांना सुरुवातीला हा पोरगा वाया गेलेला वाटे. पण हळूहळू त्यांनी त्याला खंजिरी दिली, मग आल्टो हॉर्न, मग बिगुल आणि अखेर कॉर्नेट. काही महिन्यांत तो सुधारगृहाच्या बँडचा म्होरक्या झाला. लुइझियाना राज्य संग्रहालयात या काळातला म्हणून जपलेला एक कॉर्नेट आहे. त्याच्या माउथपीसच्या कडेवर खाचा आहेत. ओठावरची पकड सुटू नये म्हणून त्या कोवळ्या वयात लुईने स्वतःच त्या पाडल्या असे मानले जाते.

त्या बँडमध्ये शिस्त होती, पण ओठ कुठे आणि कसा टेकवावा याचे शास्त्रशुद्ध शिक्षण लुईला मिळाले नाही. माउथपीस त्याने वरच्या ओठाच्या लालसर, मऊ भागावर टेकवण्याची सवय लावून घेतली. तेथील त्वचा नाजूक, आधार कमी. त्यात त्याची फुंक जबरदस्त. पुढे वीस वर्षांनी जे घडले त्याचे बीज या सवयीत होते.

गुरूचा कॉर्नेट

१९१४च्या जूनमध्ये सुधारगृहातून बाहेर पडल्यावर लुई दिवसा कोळशाची गाडी हाकू लागला आणि रात्री बारमध्ये वाजवू लागला. शहरातील नामांकित कॉर्नेटवादक जो ऑलिव्हर याच्या घरी तो पत्नीची बारीकसारीक कामे करून द्यायचा आणि त्या बदल्यात धडे घ्यायचा. ऑलिव्हरने त्याला आपला वापरलेला यॉर्क कंपनीचा कॉर्नेट दिला. लुईने तो जिवापाड जपला. १९१८मध्ये ऑलिव्हर शिकागोला गेला आणि किड ऑरीच्या बँडमधली त्याची रिकामी जागा शिष्याला मिळाली. पुढे मिसिसिपी नदीवरच्या आगबोटींवर, फेट मॅरेबलच्या कडक शिस्तीच्या वाद्यवृंदात लुई स्वरलेखन वाचायला शिकला.

ऑगस्ट १९२२मध्ये ऑलिव्हरची तार आली आणि लुई शिकागोला गेला. दोन कॉर्नेट एकत्र वाजवायचे, गुरू पुढे आणि शिष्य त्याच्या सुराला जोड देणारा, ही कल्पना तेव्हा नवी होती. एप्रिल १९२३मध्ये इंडियाना राज्यातील रिचमंड येथे या बँडचे पहिले ध्वनिमुद्रण झाले. मायक्रोफोन अजून आलेला नव्हता. सारे वादक एका मोठ्या कर्ण्यासमोर गोळा होत. लुईचा आवाज इतरांना झाकून टाकतो म्हणून त्याला इतरांपासून बऱ्याच अंतरावर मागे उभे करावे लागले. त्या खोलीत कोण मोठा झाला आहे हे कर्ण्याने आधी ओळखले होते. बँडमधील पियानोवादक लिल हार्डिन हिनेही ते ओळखले. १९२४मध्ये दोघांचे लग्न झाले आणि गुरूच्या सावलीतून बाहेर पडण्याचा आग्रह तिनेच धरला.

न्यूयॉर्कमध्ये फ्लेचर हेंडरसनच्या वाद्यवृंदात वर्षभर गाजवून लुई १९२५च्या अखेरीस शिकागोला परतला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये 'हॉट फाइव्ह' या नावाने त्याने स्वतःच्या ध्वनिमुद्रिका काढायला सुरुवात केली. याच सुमारास त्याने कॉर्नेट सोडून ट्रम्पेट हाती घेतला. कॉर्नेटची नळी क्रमाक्रमाने रुंदावत जाते, त्यामुळे त्याचा स्वर उबदार आणि मृदू. ट्रम्पेटची नळी बराच काळ सारख्याच जाडीची राहते, म्हणून त्याचा स्वर तळपता आणि थेट. मोठ्या नाट्यगृहात, मोठ्या वाद्यवृंदासमोर उभे राहणाऱ्यासाठी ट्रम्पेटच योग्य होता. २८ जून १९२८ रोजी ध्वनिमुद्रित झालेल्या 'वेस्ट एंड ब्लूज'च्या आरंभी साथीविना वाजवलेले काही सेकंद ऐकले म्हणजे हा बदल काय होता ते कळते. जाझ तोवर मुख्यतः समूहाने विणलेले संगीत होते. या काही सेकंदांत एका माणसाने सारी जागा एकट्याने व्यापली. भारतीय श्रोत्याला आलापाची आठवण व्हावी, असा तो प्रवेश आहे.

तार स्वरांचा मोह

यश आले तसा श्रोत्यांचा हव्यास वाढला. लुई वरच्या 'सी'वर जाऊन थांबतो, तोच स्वर पुन्हा पुन्हा, शंभर-शंभर वेळा वाजवतो, वादक मोठ्याने मोजत राहतात आणि अखेरीस तो त्याहून वरच्या 'एफ'वर झेप घेतो, हा खेळ लोकांना वेड लावू लागला. रोज दोन-तीन प्रयोग, मध्ये प्रवास आणि पुन्हा तोच खेळ. जुलै १९३२मध्ये तो लंडनच्या पॅलेडियम नाट्यगृहात वाजवायला गेला तेव्हा तेथील वादकांचा आपल्या कानांवर विश्वास बसेना. त्याच्या ट्रम्पेटमध्ये किंवा माउथपीसमध्ये काही चलाखी असावी अशी शंका घेऊन ती त्यांनी तपासून पाहिली. चलाखी काहीच नव्हती. वाद्य इतरांसारखेच होते. 'सॅचमो' हे नावही त्याला याच दौऱ्यात एका संगीत नियतकालिकाच्या संपादकाच्या तोंडून मिळाले. मोठ्या तोंडावरून पडलेल्या जुन्या टोपणनावाचा तो संक्षेप होता. याच सुमारास फ्रान्सच्या सेल्मर कंपनीचा ट्रम्पेट त्याच्या हाती आला आणि पुढे अखेरपर्यंत तो याच कंपनीच्या वाद्यांशी निष्ठावंत राहिला.

पण वाद्य कितीही उत्तम असले तरी ओठ तोच होता. १९३२च्या अखेरीस अमेरिकेत त्याचा ओठ फाटला. पुरेशी विश्रांती न घेता तो वाजवत राहिला, कारण कार्यक्रम ठरलेले होते आणि व्यवस्थापक जॉनी कॉलिन्स थांबू देत नव्हता. १९३३मध्ये तो पुन्हा युरोपात गेला. तेथे कॉलिन्सशी त्याचे बिनसले आणि लंडनच्या रंगमंचावर वाजवता वाजवता ओठ पुन्हा उलला. शर्टावर रक्त ओघळले. १९३४ सालातील बरेच महिने त्याने पॅरिसमध्ये जवळजवळ काही न करता काढले. जगातील सर्वांत नावाजलेला ट्रम्पेटवादक ट्रम्पेटला हात लावू शकत नव्हता. १९३५च्या आरंभी तो अमेरिकेत परतला तेव्हा हातात पैसा नव्हता, डोक्यावर दावे होते आणि डॉक्टरांनी आणखी काही महिने वाजवायला मनाई केली होती. वय अवघे तेहतीस.

जवळच्या स्नायूला होणाऱ्या या इजेला पुढे वैद्यकशास्त्रात त्याचेच नाव मिळाले. ओठांभोवतीचा वर्तुळाकार स्नायू फाटण्याच्या विकाराचे वर्णन १९८२मध्ये हाइमे प्लानास या स्पॅनिश शल्यविशारदाने 'सॅचमो सिंड्रोम' या नावाने केले. आज असा स्नायू शस्त्रक्रियेने शिवता येतो. लुईच्या काळात तशी सोय नव्हती. तो आपले उपचार आपणच करी. ओठावर साचलेली घट्ट, मेलेली कातडी तो स्वतःच्या हाताने कोरून काढत असे. मानहाइम येथील फ्रान्झ श्युरिट्झ या जर्मन ट्रॉम्बोनवादकाने वादकांसाठी बनवलेले मलम पुढे त्याला सापडले आणि त्याचा तो इतका भक्त झाला की त्या डबीवर आपले नाव घालण्याची परवानगीही त्याने दिली.

ओठ गेला म्हणजे वादकाचे काय होते याचे उदाहरण त्याच्या डोळ्यांसमोर होते. गुरू जो ऑलिव्हर याला हिरड्यांचा विकार जडला होता. दात गेले, माउथपीसला टेकायला आधार राहिला नाही आणि एकेकाळी राजा म्हणवला जाणारा हा वादक हळूहळू वाजवेनासा झाला. १९३७मध्ये जॉर्जिया राज्यातील सॅव्हाना शहरात लुईला तो भेटला तेव्हा तो हातगाडीवर भाजी विकत होता. लुईने खिशात होते ते पैसे त्याला दिले. पुढच्याच वर्षी ऑलिव्हर मरण पावला.

कमी स्वर, अधिक अर्थ

१९३५मध्ये जो ग्लेसर या व्यवस्थापकाने लुईचा कारभार हाती घेतला आणि त्याची गाडी रुळावर आली. मात्र आता वादन बदलले होते. शंभर वेळा वरचा 'सी' वाजवण्याचा खेळ बंद झाला. स्वर कमी झाले, त्यांमधली जागा वाढली. एखादा साधा सूर उशिराने, नेमक्या क्षणी ठेवायचा आणि त्यातच सारे सांगायचे, ही त्याची रीत झाली. गाणेही वाढले. तो पूर्वीपासून गातच होता. निरर्थक अक्षरांत गाण्याची 'स्कॅट' पद्धत १९२६मध्ये त्याच्याच ध्वनिमुद्रिकेने लोकप्रिय केली होती. आता कार्यक्रमात गाण्याचा वाटा मोठा झाला आणि ओठाला उसंत मिळू लागली. त्याने धंद्यासाठी कला पातळ केली, असा आरोप पुढे तरुण वादकांनी केला. त्यात तथ्य नव्हते असे नाही. पण १९५४ची डब्ल्यू. सी. हँडी यांच्या रचनांची ध्वनिमुद्रिका ऐकली म्हणजे पन्नाशी ओलांडलेला ओठ काय करू शकत होता ते दिसते.

१९४७मध्ये मोठा वाद्यवृंद सोडून त्याने सहा जणांचा 'ऑल स्टार्स' हा संच उभारला आणि पुढची जवळपास पंचवीस वर्षे तो जगभर फिरला. त्याचे अनुकरण दूरदूर झाले. गोव्यातील हळदोण्याचा अँटोनिओ झेवियर वाझ ऊर्फ चिक चॉकलेट मुंबईत ट्रम्पेट वाजवू लागला तेव्हा लोक त्याला भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणू लागले. सी. रामचंद्र यांच्या 'अलबेला' (१९५१) या चित्रपटात त्याचा बँड पडद्यावरही दिसतो.

त्याच्या हास्यामागे लाचारी पाहणाऱ्या टीकाकारांना सप्टेंबर १९५७मध्ये धक्का बसला. आर्कान्सा राज्यातील लिटल रॉक येथे कृष्णवर्णीय मुलांना शाळेत जाऊ दिले जात नव्हते. लुईने राज्यपालांवर आणि स्वस्थ बसलेल्या अध्यक्ष आयझेनहॉवर यांच्यावर पत्रकाराशी बोलताना उघड, कडक शब्दांत टीका केली आणि सरकारतर्फे होणारा सोव्हिएत रशियाचा नियोजित दौरा नाकारला. त्याचे काही कार्यक्रम रद्द झाले, त्याच्या ध्वनिमुद्रिकांवर बहिष्काराची भाषा झाली. त्याने शब्द मागे घेतले नाहीत. लुइझियानात १९५६मध्ये कृष्णवर्णीय आणि श्वेतवर्णीय वादकांना एकत्र वाजवण्यास बंदी करणारा कायदा झाला, म्हणून जन्मगावी पाऊल ठेवायचेही त्याने टाळले. तो परतला १९६५मध्ये, नागरी हक्क कायदा झाल्यानंतर.

अखेरचे फुंकणे

मे १९६४मध्ये 'हॅलो, डॉली!' या गाण्याने अमेरिकेत बीटल्सना पहिल्या क्रमांकावरून खाली खेचले तेव्हा लुई बासष्ट वर्षांचा होता. १९६७मध्ये ध्वनिमुद्रित झालेले 'व्हॉट अ वंडरफुल वर्ल्ड' ब्रिटनमध्ये गाजले, पण अमेरिकेत तेव्हा फारसे कोणी ऐकले नाही. १९८७च्या एका चित्रपटाने त्याला पुन्हा जीवदान दिले. आज जगातील बहुतेक लोक त्याला या गाण्याने ओळखतात आणि त्यात ट्रम्पेट नाही, हा मोठाच दैवदुर्विलास.

१९६८पासून हृदय आणि मूत्रपिंड यांनी त्याला सतावले. डॉक्टरांनी ट्रम्पेट वाजवायला सक्त मनाई केली. १९६९मध्ये जेम्स बाँडच्या चित्रपटासाठी तो एक गाणे गायला, पण त्यातला ट्रम्पेट दुसऱ्या वादकाला वाजवावा लागला. न्यूयॉर्कमधील क्वीन्स भागातल्या कोरोना या साध्या वस्तीत, १९४३पासून राहत असलेल्या घरी बसून तो ध्वनिफिती ऐके, त्यांच्या खोक्यांवर कात्रणे चिकटवी आणि जमेल तसा थोडा थोडा रियाज करी. १९७०च्या सप्टेंबरमध्ये तो पुन्हा ट्रम्पेट घेऊन रंगमंचावर आला. मार्च १९७१मध्ये न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ अॅस्टोरिया हॉटेलात दोन आठवड्यांचे कार्यक्रम ठरले. रंगमंचावरच जीव जाऊ शकतो, याची डॉक्टरांनी स्पष्ट कल्पना दिली. लोकांनी तिकिटे काढली आहेत आणि आपला जीव त्या वाद्यात आहे, एवढेच त्याचे म्हणणे होते. कार्यक्रम पूर्ण झाले, त्यानंतर लगेच तो हृदयविकाराच्या झटक्याने रुग्णालयात दाखल झाला. ६ जुलै १९७१ रोजी, सत्तरावा वाढदिवस महिन्यावर आला असताना, घरी झोपेतच त्याचे निधन झाले.

क्वीन्समधील फ्लशिंग दफनभूमीत त्याला चिरविश्रांती मिळाली. १९५३मध्ये अपघाताने वाकलेला ट्रम्पेट ज्याला आवडला आणि पुढे तसेच वर वळलेल्या तोंडाचे ट्रम्पेट ज्याने मुद्दाम घडवून घेतले तो डिझी गिलेस्पीही १९९३पासून त्याच भूमीत आहे. तरुणपणी लुईच्या रंगमंचीय वागण्यावर टीका करणाऱ्या गिलेस्पीने पुढे त्याचे ऋण मोकळेपणाने मान्य केले होते.

कोरोनातील ते घर २००३मध्ये संग्रहालय म्हणून खुले झाले आणि त्याच्या समोर २०२३मध्ये नवे केंद्र उभे राहिले. त्याने मागे ठेवलेल्या संग्रहात सुमारे साडेसहाशे ध्वनिफिती, शहाऐंशी चिकटवह्या, पाच हजार छायाचित्रे, पाच ट्रम्पेट आणि चौदा माउथपीस आहेत. वॉशिंग्टनच्या आफ्रिकी-अमेरिकी इतिहास संग्रहालयात त्याच्या नावाची अक्षरे कोरलेला १९४६चा सेल्मर ट्रम्पेटही पाहायला मिळतो. हौशी वादक या वस्तूंची मापे काढतात, वाटीची खोली आणि कडेची रुंदी टिपून घेतात, तसाच माउथपीस मिळतो का ते शोधतात. तो मिळतोही. पण त्या चौदा वाट्यांपैकी कोणतीही ओठाला लावली तरी 'वेस्ट एंड ब्लूज'चा तो आरंभ तीतून आपोआप निघत नाही. १९३२मध्ये लंडनच्या वादकांनीही हेच पाहिले होते. वाद्यात काहीही दडलेले नव्हते. जे होते ते सारे त्या जखमी ओठाच्या आत, श्वासाच्या बाजूला होते.